बिनसांध्याचे दांडे

टाकेबाईनं खोली तीनदा मोजली. एकदा सकाळी, एकदा दुपारी आणि एकदा नवऱ्याचा डोळा लागलाय असं वाटल्यावर. भिंत काही रबराची नव्हती, पण गरज असली की माणसाला वाटतंच, निघेल कुठेतरी अर्धा फूट. तिन्ही वेळा आकडा एकच आला, साडेबारा फूट. त्यातले साडेसहा पलंगाचे. उरलेल्या सहा फुटांत गोधडी शिवायची फ्रेम मांडायची आणि तिच्यावर मशीन बसवायचं. बाकीच्या तीन भिंतींचं नावच नको. एकीला दार, दुसरीला स्वयंपाकघराची वाट, तिसरीला खिडकी आणि कपाट.

टाकेबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. पंचवीस वर्षं हातानं गोधड्या शिवणाऱ्या बाईला इमारतीनं दुसरं काय म्हणायचं? तिचा धावदोरा असा की टाक्याला पट्टी लावावी आणि पट्टीनंच लाजावं. पण तिचं सगळं शिवण जमिनीवर मांडी घालून, पुढे वाकून. शेवटी गुडघ्यांनीच हात टेकले. डॉक्टर म्हणाले, "खाली बसणं बंद. उभ्यानं करा, खुर्चीवर करा, पण खाली बसलात तर उठवायला माणूस ठेवा."

ठेवायला होतं कोण? घरात दुसरं माणूस म्हणजे नवरा, आणि त्यालाच उठवायला माणूस लागायचं.

तो लिफ्टचा मिस्त्री. शहरभरच्या लिफ्ट दुरुस्त करायचा आणि राहायचा तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. चार वर्षांपूर्वी एका लिफ्टच्या खड्ड्यात पडला आणि कमरेखालचं सगळं गेलं. तेव्हापासून टाकेबाई दर दोन तासांनी त्याला कुशीवर वळवायची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून. चार वर्षांत एक जखम झाली नाही. नर्ससुद्धा येऊन बघून गेली आणि तिचा हात दाबून गेली. यंदा मात्र त्याच्या छातीनं कुरकुर सुरू केली. मागच्या खेपेला डॉक्टर टाकेबाईला दाराबाहेर घेऊन हळू आवाजात बोलले, की आता फार दिवस धरून चालू नका. दार पातळ होतं, आणि मिस्त्रीचे कान शाबूत होते.

तिचं मागणं फार मोठं नव्हतं. हातातलं काम सुटू नये, आणि नवऱ्याजवळून हलावं लागू नये. काम आणि नवरा, दोन्ही त्याच खोलीत. त्यासाठी ही सगळी मोजामोज.

दुकानात जायच्या दिवशी नणंद येऊन भावाजवळ बसली. टेप, वही, चष्मा, कापडाचे तुकडे असा सगळा सरंजाम बघून म्हणाली, "वहिनी, खरेदीला निघालीस की सर्वेला?"

"डोळे उघडे ठेवून गेलं की पस्तावा होत नाही," टाकेबाई म्हणाली आणि जिना उतरायला लागली. गुडघे प्रत्येक पायरीला आपलं मत देत होते.

दुकानदारीण गळ्यात दोरीला चष्मा लटकवणारी, बोलायला मोकळी बाई होती. तिनं आधी समजावून सांगितलं. साध्या पद्धतीत मशीन जागेवर राहतं आणि गोधडी आपण ओढायची. फ्रेमवर उलटं. गोधडी दोन टोकांच्या दांड्यांवर ताणून गुंडाळलेली, आणि मशीन रुळांवर फिरवायचं, उभ्या उभ्या, लाटणं फिरवल्यासारखं. टाकेबाईनं पहिलं मशीन धरून फिरवलं. हात जोरात गेला की टाके लांबडे, हळू गेला की मुंगीएवढे. तिनं नाक मुरडलं. दुसरं मशीन हात किती वेगानं जातोय ते ओळखून टाका आपणच सारखा ठेवायचं. शिवाय त्याच्या सुईमागे भरपूर जागा होती, त्यामुळे गोधडीची गुंडाळी जाड झाली तरी अडणार नव्हती.

"ह्याला अक्कल आहे," टाकेबाई म्हणाली. "आता आवाज बघते." आणि सरळ भिंतीजवळच्या बाकावर आडवी झाली.

दुकानदारीण घाबरली. "ताई, चक्कर आली का? पाणी आणू?"

"पाणी नको. मशीन चालवा. आमच्याकडे झोपलेलं माणूस आहे, त्याला कसं ऐकू येईल ते बघायचंय."

दोन गिऱ्हाइकं हातातलं कापड तसंच धरून बघत राहिली. टाकेबाईनं डोळे मिटले. पहिल्या मशीनचा आवाज कवटीत शिरत होता. दुसऱ्याची नुसती घरघर, शेजारच्या घरात पंखा चालावा तेवढी. ती पाच मिनिटं तशीच पडून राहिली, मग बाकाला धरून उठली आणि म्हणाली, "हेच."

फ्रेमवरून मात्र दुकानदारणीशी तिचं वाजलं. टाकेबाईनं पाच फुटी मागितली. "पाच फुटी घेऊ नका," दुकानदारीण म्हणाली. "मोठी गोधडी दोन भागांत शिवावी लागेल, मग मधला जोड हातानं. दुप्पट काम. दहा फुटीवर एका दमात होते. आणि आमचे दांडे बिनसांध्याचे असतात, अख्ख्या लाकडाचे. सांधा आला की कापड मधे झोळ घेतं. म्हणजे आज लहान घेतलीत की पुढे वाढवता येत नाही. सगळ्या जणी शेवटी मोठीच घ्यायला येतात."

"मी नाही येणार. जागा नाही," टाकेबाई म्हणाली.

दुकानदारणीनं वहीत पाच फूट लिहिलं आणि सांगितलं, लाकूड कापण्याआधी फिटर फोन करून माप पक्कं करेल. घरातला फोन मिस्त्रीच्या उशाशी असायचा. तोच नंबर टाकेबाईनं दिला.

घरी आल्यावर मिस्त्रीनं खोदून खोदून सगळं विचारलं. मोटर कसली, रूळ कशाचे, दांड्याची जाडी किती. किती दिवसांनी तो असा बोलत होता. बाकावर झोपल्याचं ऐकून हसला, आणि हसताना खोकला. मग विचारलं, "दहा फुटी असती तर तुला सोपं गेलं असतं?"

"गेलं असतं. पण ती मोठ्या घरवाल्यांची चैन," ती म्हणाली आणि त्याला वळवायची वेळ झाली म्हणून उठली.

नवव्या दिवशी फिटर आला. कानावर पेन्सिल, हातात पिशवी, मागे हमाल. पहिला दांडा दारातून आत आला, येतच राहिला, खिडकीला टेकला तरी शेपूट बाहेर पॅसेजमध्येच.

"हे आमचं नाही," टाकेबाई म्हणाली. "आमचं पाच फूट आहे."

फिटरनं कागद काढला. "ताई, मी स्वतः फोन केला होता. घरच्या दादांनीच दहा सांगितलं. म्हणाले, वहीत चुकून पाच पडलंय."

टाकेबाईनं पलंगाकडे बघितलं. मिस्त्री छताकडे बघत होता.

"अहो."

"भिंत साडेबारा फूट आहे," तो म्हणाला. "दहाची फ्रेम ठेवली तर दोन्ही बाजूंना सव्वा सव्वा फूट उरतं. व्यवस्थित बसते."

"आणि पलंग?"

त्यानं चादरीची कड सरळ केली.

"मी विचारते, पलंग कुठे जाणार?"

"पलंग किती दिवस लागणार आहे, अगं," तो हळूच म्हणाला. "डॉक्टर बोलले ते मीही ऐकलंय. तोवर दांडे पडू देत पॅसेजमध्ये. मी गेल्यावर तू लहान फ्रेमवर दुप्पट कष्ट का उपसायचे? जागा तर होणारच आहे."

फिटर खाली फरशीकडे बघायला लागला. टाकेबाईचं डोकं तापलं. बाई तशी शांत स्वभावाची. चार वर्षांत तिनं या माणसावर आवाज चढवला नव्हता, आजारी माणसावर कोण चढवतं? आज चढला.

"दर दोन तासांनी तुम्हाला वळवते ते काय जागा रिकामी करायला? उठते, झोपते, तुमच्या घड्याळावर. एक ओरखडा येऊ दिला नाही पाठीला. आणि तुम्ही इथं पडल्या पडल्या माझ्यासाठी भिंत मोजताय? तुमच्या जागेवर उभं राहून मी काय शिवू, सांगा ना. कुणासाठी शिवू?"

"तुझ्या भल्याचंच—"

"माझं भलं मला कळतं." ती फिटरकडे वळली. "करवत आहे ना पिशवीत? काप. पाच फुटांवर."

फिटर बिचारा दोघांच्या मधे सापडला. "ताई, नवं कोरं लाकूड आहे. एकदा करवत लागली की परत कुणी घेणार नाही. आणि लांब तर कधीच होणार नाही."

"तेच हवंय. उद्या माझं मन बदललं तरी लांब होता कामा नये."

तिनं त्याच्या कानावरची पेन्सिल घेतली, टेप लावला आणि दांड्यावर रेघ मारली. लांब दांडा टेकवायला खोलीत दुसरी जागा नव्हती. एक टोक खुर्चीवर ठेवलं आणि दुसरं, विचार न करता, पलंगावर, मिस्त्रीच्या मांड्यांजवळ. फिटरनं रेघेवर करवत टेकवली.

"थांबा," मिस्त्री म्हणाला.

टाकेबाईला वाटलं, आता पुन्हा वाद. ती कंबर कसून उभी राहिली.

पण तो आता छताकडे बघत नव्हता, रेघेकडे बघत होता. मग घसा साफ करून म्हणाला, "पाच कमी पडेल. मोठ्या गोधडीचा अर्धा भाग साडेचार फूट, जोडासाठी कापड सोडायचं, शिवाय दोन्हीकडे कापड ताणायच्या पकडी. पाच फूट चार इंच ठेवा. माझा पलंग आहे तिथेच राहतो, आठ इंच उरतात."

टाकेबाईनं ओल्या अंगठ्यानं जुनी रेघ पुसली आणि चार इंच पुढे नवी मारली.

"टेप दाखव इकडे," तो म्हणाला. "घाईत तू नेहमी अर्धा इंच खातेस."

तिनं टेप त्याच्यासमोर धरला. त्यानं माप बघितलं, मान हलवली आणि दांड्याचं आपल्याकडचं टोक दोन्ही हातांनी घट्ट धरलं. पाय गेले होते, हात मिस्त्रीचेच होते. करवत चालायला लागली तसा दांडा जराही हलला नाही. भुसा चादरीवर पडत राहिला. मधे त्याला खोकला आला, फिटर थांबला, खोकला ओसरल्यावर पुन्हा सुरू झाला. कापलेला तुकडा फरशीवर पडला तेव्हा टाकेबाई तोंडाला पदर लावून खिडकीकडे वळली होती.

मिस्त्रीनं चादरीवरचा भुसा हातानं झटकला आणि फिटरला म्हणाला, "आण दुसरा."