कपाट दाराजवळ ठेवणार का?

रुद्राणीताई घाबरट आहे, असं आमच्या दुकानात सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे. रस्त्यावरून जड ट्रक गेला की ती खुर्चीवरून उठायची. तळमजला सोडून ती कधी राहिली नाही. घरात कपाट नाही, कपडे सगळे पत्र्याच्या पेटीत. आणि ही बाई नोकरी कुठे करते, तर नांदेडला लोखंडी कपाटं विकणाऱ्या माणिकप्पा शेठकडे! "ताई, तुम्ही गादीच्या दुकानात जायचं होतं," मी चिडवायचे. ती हसायची, पण एक डोळा पंख्याकडे असायचा.

तिचं माहेर औसा तालुक्यातलं. भूकंपाच्या त्या पहाटे ती सात वर्षांची होती, अंगणात बापाजवळ झोपलेली. आई आणि धाकटा भाऊ आत होते. आईच्या लग्नातलं कपाट दाराशेजारी उभं होतं, ते दारावरच आडवं झालं आणि वरून मातीचं माळवद कोसळलं. दार बोटभरच उघडत होतं. भाऊ आतून हाका मारत होता, "अक्का, दार काढ." मग हाका थांबल्या. हे तिनं मला एकदाच सांगितलं. त्यानंतर मी चिडवणं सोडलं. अगदी सोडलं नाही, कमी केलं.

शेठनं वेबसाइट काढली ती लातूरच्या होस्टेलवाल्यांसाठी. तिकडे क्लासेस वाढले तशी गल्लोगल्ली होस्टेलं झाली, आणि एकेका खोलीत चार पोरी, चार पलंग, दोन कपाटं कोंबायची. मालक मोबाइलवरूनच घाऊक ऑर्डर टाकायचे. ऑर्डर पक्की करताना चेकआउटला काय काय विचारायचं, ते रुद्राणीताई बसवायची: जीएसटी नंबर, माल कितव्या मजल्यावर चढवायचा, पैसे आत्ता की माल उतरल्यावर. त्यातच तिनं स्वतःचा एक प्रश्न घातला. कपाट दाराजवळ ठेवणार का? समोरच्यानं 'हो' दाबलं की ऑर्डर थांबायची आणि ताई स्वतः फोन करायची, "जागा बदला, न्हाईतर कपाट पडू नये म्हणून भिंतीला पट्टी मारून घ्या."

गिऱ्हाइकं वैतागली. शेठही वैतागले. "रुद्राणी, आपण कपाटं विकून राहिलो का लोकाचं घर लावून देऊन राहिलो?" शेवटी त्यांनी तिच्याकडून ओळखीच्या गिऱ्हाइकांचा वेगळा गट करून घेतला. त्या गटातल्यांना तो प्रश्न दिसायचाच नाही.

त्याच वर्षी तिची लेक ऋतुजा डॉक्टरकीच्या परीक्षेच्या तयारीसाठी लातूरला गेली. होस्टेल भरलेलं होतं, पण तिथला वॉर्डन नरसिंग ताईच्या माहेरच्या गावचा, त्यानं जागा करून दिली. पुढच्याच आठवड्यात त्याच्या कपाटांची ऑर्डर आमच्याकडे आली आणि प्रश्नावर अडकली. लगेच फोन. "अक्का, घरच्या मानसाला बी सवाल? तुमची पोरगी आमच्याकडंच हाय की!"

बोलण्यात धमकी नव्हती. पण लेक ज्याच्या भरवशावर ठेवलीय, त्याच्याशी आई काय वाद घालणार? ताईनं त्याला ओळखीच्या गटात टाकलं. ऑर्डर सुटली. सोबत तिनं भिंतीला मारायच्या पट्ट्या पाठवल्या. "मारतो की," नरसिंग म्हणाला. पुढे ऋतुजाला विचारलं तर ती म्हणाली, "आई, पट्ट्या कोपऱ्यात पडल्यात. आणि इथं दाराजवळ सोडून जागाच नाही." तेव्हापासून ताईचा डबा अर्धा परत जायला लागला.

उन्हाळ्याच्या तोंडावर एका सकाळी जमीन हलली. नांदेडला हलली, लातूरलाही हलली. आमची घरं एकाच गल्लीत. मी पोरांना घेऊन बाहेर पळाले तर ताई रस्त्यात अनवाणी उभी, फोन कानाला. ऋतुजाचा फोन वॉर्डनकडे जमा असायचा आणि नरसिंग उचलत नव्हता. ती पुन्हा लावायची, पुन्हा लावायची. "आलिया, म्या त्याला विचारलंच न्हाई गं," एवढंच म्हणायची. मला नरसिंगचा असा संताप आला होता की समोर असता तर मी चप्पल काढली असती.

मग फोन वाजला. नरसिंगचा नंबर, पण आवाज ऋतुजाचा. "आई, मी बाहेर आहे. बरी आहे. कपाटावरची ट्रंक दारात पडली होती. दार आतल्या बाजूला उघडतं ना, उघडेचना. आम्ही आतून किती हाका मारल्या. मग चौघींनी मिळून ती ओढली." तिनंच विचारलं, "आई? ऐकतेस ना?"

ताई ऐकत होती. ऐकता ऐकता ती खाली बसली. फोन मीच घेतला आणि पोरीला म्हटलं, आई ऐकतेय, तू बोलत राहा.

त्या दिवशी आंघोळ नाही, चहा नाही, ताईनं दुकान उघडायला लावून तो ओळखीचा गट पुसून टाकला. शेठ आले, त्यांनी पाहिलं आणि तसंच राहू दिलं. घरचं त्यांचं कपाटही दाराजवळच होतं.

महिन्याभरानं नरसिंगनं नव्या मजल्यासाठी कपाटं मागवली आणि पुन्हा फोन केला. "अक्का, तो सवाल परत यायलाय. आमी तर वळखीचे न्हवं?"

"हाव," ताई म्हणाली. ती अजूनही घाबरलेलीच होती. "वळखीचे हाय म्हणूनच विचारून राहिले. आधी लेकीच्या खोलीतल्या पट्ट्या मारा आन् दाराचा फोटो पाठवा."

फोटो येईपर्यंत ती खुर्चीवर बसली नाही.