पहिलीतली चार वर्षं

साहेबांनी पुस्तकाचं पान उलटलं आणि माझा भाऊ आधीच्याच पानावरचा धडा म्हणत राहिला.

नव्या पानावर होडीचं चित्र होतं. मिलिंद खणखणीत आवाजात म्हणत होता, "आमची गाय पांढरी आहे. आमची गाय दूध देते." बोट ओळीवर. मान ताठ. एक शब्द चुकत नव्हता.

साहेब शिरूरहून जीपने तपासणीला आले होते. त्यांनी एकदा चित्राकडं पाहिलं, एकदा मिलिंदकडं. म्हणाले, "गुरुजी, तुमच्या गावात होडीला शिंगं फुटतात वाटतं?"

गुरुजी हसले. म्हणून वर्ग हसला. मिलिंदही हसला. त्याला वाटलं, साहेब खूश झाले.

हे मला अजून सहन होत नाही. तो हसला, ते.

गुरुजी म्हणाले, "साहेब, ही आमची पेन्शनर मंडळी. तीन वर्षं झाली, चौथं चालू. पहिलीतच म्हातारा व्हणार. रक्तातच न्हाई, तर आम्ही तरी काय करणार?"

साहेबांनी मान हलवली. शेरेपुस्तकात दोन ओळी लिहिल्या. चहा घेतला. जीप गेली.

मग गुरुजींनी छडी काढली. "कुणी पढवलं तुला? साहेबाला फशिवतो व्हय रं?"

पढवलं होतं मी. मी सातवीत. शाळेला दोनच खोल्या, मधल्या दाराला फळ्या नव्हत्या. मला सगळं दिसत होतं. मिलिंदने एकदा माझ्याकडं पाहिलं आणि नजर खाली घातली. नाव सांगितलं नाही. छडी तळहातावर पडली, मग पोटरीवर. मी उठले नाही. गणिताच्या वहीत डोकं घालून बसले.

हे आधी लिहून टाकते. पुढं मी जे केलं ते वाचून कुणी मला शूर म्हणू नये.

आमचं गाव भीमेच्या काठाला. नदीच्या अलीकडं शिरूर तालुका, पलीकडं दौंड. आमची घरं बौद्धवाड्यात. दादा, म्हणजे आमचे वडील, दौंडला रेल्वेच्या गँगमध्ये, रुळांखाली खडी सारायचे. पंधरा दिवसांतून एकदा घरी. आई पाटलांच्या मळ्यात खुरपायला.

तपासणीच्या दिवशी आमच्या शाळेत एक रीत होती. ज्यांना वाचता येत नाही त्या पोरांना सकाळीच शेण गोळा करायला धाडायचं. "जीप गेल्याबिगर तोंड दावू नका," असं बजावून. साहेबांना वर्ग चांगला दिसायचा. मिलिंद तीन वर्षं शेणाला गेला. चौथ्या वर्षी मला म्हणाला, "आक्का, मला बी येक डाव आत बसायचंय."

म्हणून मी त्याला धडा वाचून दाखवला. दोनदा ऐकला की त्याला पाठ. चौदा एप्रिलला जलशातली गाणी एकदा ऐकायचा आणि महिनाभर आम्हाला ऐकवायचा. चाकाच्या करकरण्यावरून सांगायचा, ही अमक्याची गाडी. अशा पोराला अक्षर तेवढं सापडत नव्हतं. काल ओळखलेलं आज अनोळखी. पाटीवर स्वतःचं नाव रोज वेगळं. मला वाटलं, पाठ झालं म्हणजे आलंच की. मी त्याला सगळं पुस्तक पाठ करून दिलं. तपासणीच्या सकाळी त्याने गुरुजींना धडा म्हणून दाखवला, म्हणून शेणाला जाणं टळलं. कुठलं पान कुठं संपतं, ते मात्र सांगायचं राहिलं.

हजेरीवर त्याच्या नावापुढं गुरुजींनी लाल शाईने लिहिलं होतं : मठ्ठ.

तपासणीत साहेबांनी माझंही वाचन घेतलं होतं. "ही मुलगी छान वाचते," म्हणाले होते. तेवढ्यावरून गुरुजींनी मला कामाला लावलं. "रोज शाळा सुटली की पाटलांकडं जायचं. इजूला धडं वाचून दावायचं."

विजू पाटलांचा थोरला. माझ्याच वर्गात, सातवीत. गुरुजी त्याला कधी उठून वाचायला सांगत नसत. आम्हाला वाटायचं, पाटलाचा आहे म्हणून.

मी गेले. विजू ओट्यावर सतरंजीवर बसला. मला पायरी दाखवली, खालची. पाटलीणबाईंनी चहा दिला, वळचणीला खोचलेल्या कान तुटक्या कपातून. प्याले की विसळून परत तिथंच खोचायचा. सांगायची गरज पडली नाही. आमच्यात ते अंगाबरोबर येतं.

मग पाटलीणबाईंनी एक परात आणली. परातीत चाळलेली वाळू.

"हे बघ पोरी. पुण्याच्या डाक्टरनी कागद लिहून दिलाय. गुरुजींनी वाचलाय. पोराला मारायचं न्हाई. वरडायचं न्हाई. त्याचं डोकं चांगलं हाय, अक्षरंच तेवढी त्याच्या ध्यानात ऱ्हात न्हाईत. वाळूत बोटानं गिरवून घ्यायचं, तोंडानं आवाज काढायचा. येक पक्कं झालं की मग दुसरं. कळलं का?"

कळलं. फार कळलं. विजूने वाळूत अक्षर काढलं. तेच अडखळणं. तीच चूक. अक्षर काढताना ओठ चावायची सवयसुद्धा मिलिंदची.

पाटलीणबाई आत गेल्यावर विजू हळूच म्हणाला, "मला पार येत न्हाई गं. कुणाला सांगू नगं."

त्याच्यावर माझा राग नव्हता. आजही नाही.

त्याच दिवशी मी नदीवरून वाळू आणली. आमच्याकडं परात एकच, भाकरीची. म्हणून फुटकं घमेलं घेतलं. पाटलांच्या ओट्यावर विजूला जे द्यायची, तेच घरी येऊन मिलिंदला. एक 'म' बसायला आठवडा गेला. नंतर 'ल' आला, 'क' आला. मी एकदाही ओरडले नाही. कागदात तसं होतं.

पावणेदोन महिन्यांनी एका संध्याकाळी आई भाकऱ्या थापत होती. मिलिंद शेजारी बसून तिच्या हातावरच्या गोंदणाकडं टक लावून पाहत होता. त्याने तिचा पिठाचा हात धरला आणि हिरव्या रेघांवरून बोट फिरवलं. "क... म... ल." थांबला. परत फिरवलं. "कमल. आये, ही तू हाईस!"

ते त्याला कुणी पाठ करून दिलं नव्हतं.

आईला स्वतःच्या हातावर काय आहे ते वाचता येत नव्हतं. ती मला म्हणाली, "खरं सांगतोय का गं ह्यो?" मी म्हटलं, "व्हय." तव्यावरची भाकरी करपली. कुणी उलटली नाही.

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींच्या टेबलासमोर उभी राहिले. आनंदातच गेले होते, वेडी.

"गुरुजी, शाळेत बी वाळूची परात ठेवा ना. आमच्या मिलिंदला यायला लागलंय. त्याचं आन् विजूदादाचं येकच हाय."

गालावर बसली. कानात घूं झालं.

"पाटलाचं पोरगं आन् तुझा भाऊ एक व्हय? इजूचं दुखणं हाय. डाक्टरचा कागद हाय त्याला. तुझ्या भावाचा कागद कुठाय?"

त्या एका वाक्याने मला शहाणी केली. कागद असला की दुखणं. कागद नसला की मठ्ठपणा. गुरुजींना इलाज माहीत होता. 'मारू नका' हे त्यांनी स्वतः वाचलं होतं. एका पोराच्या बाबतीत ते त्यांनी पाळलं, आणि दुसऱ्याला त्याच हाताने छडी मारली. अडाणीपणाला मी माफ केलं असतं. हे अडाणीपण नव्हतं.

त्या संध्याकाळी पाटलांच्या दारात गेले, पण पायरीवर बसले नाही.

"पाटलीणबाई, मी आता वाचणार न्हाई. मिलिंदला बी शाळेत हेच शिकवा, आन् मारू नका, असं तुम्ही गुरुजींना सांगा. ते तुमचं ऐकत्यात. मग मी रोज येते. दिसातनं दोनदा येते."

"अगं बया! सौदा करायला आलीस व्हय?" त्या हसल्या. "तुझा भाऊ शिकून कुठं कलेक्टर व्हणार हाय? बस खाली. इजूची परीक्षा तोंडावर आलीय. बस, च्या ठिवलाय."

विजू म्हणाला, "आई, तिचा भाऊ..."

"तू गप."

मी पुस्तक पायरीवर ठेवलं. "आधी सांगा, मग बसते," म्हटलं. त्यांनी पुस्तक उचललं आणि विजूला आत नेलं. मी वळले आणि चालत घरी आले.

लोक म्हणतात, नकार दिला की छाती फुगते. माझी फुगली नाही. आठवड्यात आईचं मळ्यातलं काम गेलं. वर्ष संपताना गुरुजींनी मिलिंदचं नाव पटावरून कमी केलं. कारण लिहिलं, 'वय जास्त'. विजूला वाचून दाखवायला वरच्या आळीतला कुणी मिळाला. विजू सातवी पास झाला.

आई मला रागावली नाही. मिलिंदची पाटी हातात घेऊन घरभर फिरली. शेवटी म्हणाली, "तू बरुबर केलंस का चुकलीस, मला न्हाई कळत. पर ही आता कुठं ठिवू?"

पुढं दुष्काळ पडला. आई आणि मिलिंद रस्त्याच्या कामावर खडी फोडायला. मला शिरूरच्या वसतिगृहात जागा मिळाली. दादांचा हट्ट, एकतरी शिकलं पाहिजे. मिलिंदने माझी पत्र्याची पेटी एस.टी.च्या फाट्यापर्यंत डोक्यावर आणली. त्याचे हात खडीने सोलले होते. त्याची तेरा अक्षरं पक्की झाली होती.

"आक्का, आता वाळूतलं कोण घ्येनार?"

"दिवाळीला येते की. तवा पुढची घेऊ."

दिवाळीला आले तर तो दौंडला. दादांनी त्याला मालधक्क्यावर हमालीला लावलं होतं. बारा वर्षांचा होता. पोत्यांना अक्षरं लागत नाहीत.

मी शिकत गेले. मॅट्रिक झाले, डी.एड. झाले. नोकरी करता करता बाहेरून बी.ए. केलं. आमच्या वाड्यातली पहिली पदवीधर मी. हे मी अभिमानाने सांगते, आणि दर वेळी सांगताना मागं कुणीतरी उभं आहे असं वाटतं.

डी.एड.ला एक बाई बालमानसशास्त्र शिकवायच्या. एका दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं : डिस्लेक्सिया. म्हणाल्या, "अशा मुलांची बुद्धी शाबूत असते. अक्षर आणि आवाज यांची गाठ बसत नाही. लवकर ओळखलं आणि नीट शिकवलं तर मूल वाचायला शिकतं. उशीर झाला तर त्याचं मन शाळेतून उठतं." पोरी लिहून घेत होत्या. माझ्या वहीचं पान भिजलं. बाईंनी विचारलं, बरं वाटत नाही का.

त्या रविवारी मी दौंडला गेले. मालधक्क्यावर मिलिंद धान्याची पोती उतरवत होता. डोक्याला चुंबळ, पाठ वाकलेली. वीसचा पण नव्हता. आम्ही पोत्यांच्या थप्पीच्या सावलीत बसलो. मी त्याला सगळं सांगितलं. म्हटलं, "मिलिंद, तू मठ्ठ नव्हतास. याला नाव हाय. पुस्तकात हाय. तू हुशार व्हतास."

त्याने चुंबळ सोडली, परत गुंडाळली. मग म्हणाला, "मला ठावं व्हतं की मी येडा न्हाई." माझ्याकडं पाहिलं. "तुला न्हवतं ठावं, आक्का?"

मी म्हटलं, "आता शिकवते. दर रविवारी येते." तो हसला. तेच हसू.

"आता नगं गं. आता हात मोठं झालं. आन् मुकादम हाक मारतोय, जाऊ दे मला."

गेला. मी सावलीत बसून राहिले. तेव्हापासून मला कुणी 'शिकली, उद्धार झाला' म्हटलं की मी थांबवते. आमच्या घरात एकाचा उद्धार झाला. दुसऱ्याला ओझ्याखाली ठेवून झाला. दोन्ही लिहा.

नोकरीवर हजर झाले तेव्हा हेडमास्तर म्हणाले, "बाई, बी.ए. करताय, सातवी घ्या. पहिलीला कुणीही चालतं."

"कुणीही चालतं म्हणूनच पहिली द्या," म्हटलं.

पहिल्या तीन महिन्यांत मी एकेक पोर जवळ घेऊन बसते. ऐकलेलं सांगता येतं का, अक्षर ओळखतं का, आज ओळखलेलं उद्या टिकतं का. वहीत लिहून ठेवते. याला ना हुकूम आहे, ना कुठला फॉर्म. यंदा दोन पोरं सापडली. एक धनगराची, एक वरच्या आळीतलं. दोघांना एकच शिकवणं, एकाच पाटावर.

परवा हेडमास्तरांनी पटावरून कमी करायच्या नावांचा कागद पुढं केला. माझ्या वर्गातली धनगराची पोरगी त्यात. कारण : 'प्रगती नाही'. "सही करा, बाई. रीतच आहे."

मी सही केली नाही. विचारलं, "तपासलं कुणी? कधी? काय शिकवून बघितलं?"

ते म्हणाले, "एवढं कोण करतं?"

एवढं सरकारने करायचं. प्रत्येक शाळेत, पहिलीतच, छडी उचलायच्या आधी. ज्याच्या बापाला पुण्याचा डॉक्टर परवडत नाही त्याच्या पोरालाही. हे मी पंचायत समितीला लिहून दिलंय. उत्तर आलेलं नाही. पुन्हा लिहिणार. बदली केली तर तिथून लिहिणार. आणि जोवर तपासल्याचं कुणी दाखवत नाही, तोवर त्या कागदावर माझी सही होणार नाही. पोरगी वर्गात बसेल. तिचं नाव मी रोज मोठ्यानं घेईन, आणि ती 'हजर' म्हणेल.