भिंतीवरची बाग

चोपड्याजवळच्या एका गावात उखर्डू आबांच्या केळीला नाव होतं. त्यांच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून जन्मल्यावर त्यांना उकिरड्यावर लोळवून आणलं आणि नावही त्यावरूनच ठेवलं. या नावाचा माणूस बागेत मात्र एक वाळकं पान टिकू द्यायचा नाही. लग्नाच्या पंगतीत बसले तरी त्यांचं बोलणं फिरून केळीवरच यायचं. त्यांची बायको सुंदरबाई म्हणायची, "मन्हापेक्षा तुमना जीव केळीवर जास्त शे." बायकोच्या या तक्रारीवर आबा हसून वेळ मारून नेत.

दोन वर्षांपूर्वी सुंदरबाई आजारी पडली. जळगावच्या दवाखान्यात आबा जे तिच्या उशाशी बसले, ते तिला घेऊनच घरी जायचं ठरवून. घेऊन गेले, पण जिवंत नाही. तेवढ्या काळात बाग पार हातची गेली. त्याचं आबांना काही वाटलं नाही. त्यांना कशाचंच काही वाटत नव्हतं. ते रडलेही नाहीत.

मुलगा कुंदन जळगावला ठिबक सिंचनाच्या कंपनीत होता. गावोगावी शेतकऱ्यांपुढे प्रेझेंटेशन द्यायचं, हे त्याचं काम. त्याच्या आधीचा साहेब भिंतभर मुंग्यांसारखी अक्षरं दाखवायचा आणि लोकांकडे पाठ करून तीच वाचत सुटायचा. निम्मे लोक डुलक्या घ्यायचे, उरलेले नाश्त्याची वाट बघायचे. कुंदन हुशार. एका स्लाइडवर एकच चित्र आणि एकच शब्द, हे तो शिकून आला होता. चित्र इंटरनेटवरचं नको, आपल्या भागातलं हवं. मग प्रश्न विचारायचा आणि लोक बोलेपर्यंत आपण गप्प राहायचं. अशा त्याने दोंडाईच्यापर्यंत सभा गाजवल्या होत्या. आता पाळी स्वतःच्या गावाची होती.

"आबा, तुम्ही बी या. पुढेच बठा," तो फोनवर म्हणाला.

बायको गेल्यापासून आबा चार माणसांत बसले नव्हते. त्या दिवशी मात्र दाढी करून, धुतलेले कपडे घालून ते गावच्या विकास सोसायटीच्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत जाऊन बसले. पोराचं कौतुक एकदा डोळे भरून बघावं, एवढीच इच्छा होती.

सुरुवात झकास झाली. लोक हसत होते, माना डोलवत होते. मग भिंतीवर केळीची एक बाग आली. पानं करपलेली, बुंध्याशी फुटलेल्या पिल्लांचं रान माजलेलं, घड जमिनीला टेकलेले. वर ठळक एकच शब्द, दुर्लक्ष.

गावात पाठमोरा माणूस ओळखतात, तसं शेतही ओळखतात. विहिरीवरचा वाकडा निंब दिसला आणि बाग कोणाची ते सगळ्यांना कळलं. कुंदनलाही ते ठाऊक होतंच. घरचं उदाहरण दिलं तर कोणाला राग येणार नाही, असं त्याला वाटलं होतं. आई दवाखान्यात असताना तिचे कपडे न्यायला गावी आला, तेव्हा त्याने तो फोटो आबांना दाखवायला म्हणून काढला होता. आबांनी दवाखान्यात फोनकडे बघितलंही नव्हतं. पण ते दिवस कोणते होते, हेच स्लाइड करताना पोरगा विसरला होता.

"या शेतकऱ्याचं काय चुकलं? कोण सांगतं?" त्याने विचारलं आणि शिकल्याप्रमाणे गप्प राहिला.

लोक खाली बघू लागले. आबांना उठून जावं असं वाटलं, पण सगळ्यांदेखत पहिल्या रांगेतून उठणं झालं नाही. शेवटी शेजारचे पंडित नाना हळूच बोलले, "काहीच नही चुकनं, भाऊ. तवय तुनी माय दवाखानामा व्हती."

कुंदनचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने घाईघाईने पुढच्या स्लाइडसाठी बटणाकडे हात नेला.

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले.

ते आता केळीकडे बघतच नव्हते. चित्राच्या कोपऱ्यात, विहिरीजवळच्या तारेवर एक हिरवं लुगडं वाळत होतं. दवाखान्यात निघायच्या सकाळी सुंदरबाईने धुऊन टाकलेलं. ते काढून घ्यायला मागे घरात कोणी उरलं नव्हतं, आणि फोटो काढताना कुंदनलाही ते दिसलं नव्हतं.

"तुनी मायनं लुगडं शे," आबा म्हणाले. "थोडं ऱ्हाऊ दे."

आणि भरल्या हॉलमध्ये, पोराच्या देखत, ते रडायला लागले. कुंदनने चित्र तसंच राहू दिलं.