मुंगीला कोण उठवतं?

जेवण झाल्यावर मी जरा आडवी होते. खरं सांगायचं तर सकाळपासून आडवीच आहे. आज रविवार, उन्हं कलली की पोरं चर्चच्या ओट्यावर शास्त्राच्या धड्याला जमतात. तो वर्ग आमचे हे घ्यायचे, शांतवन मास्तर. हे गेले आणि पाळकसाहेब म्हणाले, "एस्तेरबाई, तुम्ही नाही घेतला तर वर्ग बंदच होईल." मी हो म्हणून बसलेय. पण उठवत नाही. घर नुसतं खायला उठतं.

डोळा लागतो न लागतो, तर खाटेशेजारी हे उकिडवे बसलेले. खाली फरशी नाही, खळ्याची सारवलेली जमीन आहे, आणि मुंग्यांची रांग ज्वारीचे दाणे ओढत चाललीय.

"बघ गं," हे म्हणतात, "बायबलातला शलमोन राजा आळशाला या मुंगीकडेच धाडतो."

"राहू द्या! जन्मभर खाटेवर लोळत मुंगीचा धडा शिकवलात. सरपण मी फोडलं."

"लोळणाऱ्यालाच तर धडा हवा असतो," म्हणून हसतात.

एक काम मात्र यांनी कधी चुकवलं नाही. रोज पहाटे चहा टाकून मला हाक मारायची, "उठ गं." म्हणून मला राहवत नाही.

"अहो, एकदा उठ म्हणा ना मला. तुम्ही गेल्यापासून कोणीच म्हणत नाही."

आता आम्ही चर्चमध्ये आहोत. बाकं सगळी रिकामी. मुंग्या वेदीकडे निघाल्यात.

"हिच्यावर मुकादम नाही," हे रांगेकडे बघत म्हणतात. "हिला कोण उठवतं?"

"मी मुंगी नाही! बाई आहे मी. मला हाक लागते." मला रडूच फुटतं.

हे माझ्याकडे वळतात. मग हळूच म्हणतात, "मला आता हाक मारता येत नाही, एस्तेर. नाहीतर मारली नसती का?"

मी यांची बाही धरायला धावते. पाय रांगेत पडतो. आई गं!

पाय झटकतच जागी होते. घरात चिटपाखरू नाही. घोट्यावर लालभडक गांध उठलीय. मी गोधडी झटकते, खाट उभी करून आपटते, खाली वाकून बघते. मुंगी एकही नाही.

मग ध्यानात येतं, मी उठलेय की.

आता उभीच आहे, तर चपला घालते. दार ओढताना सवयीनं आत बघून म्हणते, "येते हो मी."

ओ येत नाही. घोटा मात्र चांगलाच चुणचुणतोय.