अर्ध्या धावेवरचा घास

जनावरांचं वागणं आणि त्यांना वळण लावणं हा विषय कॉलेजात शिकवतात, हे बुऱ्हाणपुरात कोणाला सांगायची सोय नव्हती. वडील शाळामास्तर. ते म्हणत, "मी माणसांची पोरं शिकवतो, आमचे चिरंजीव बैलांची शिकवणार." गल्लीत मला 'ढोरांचा मास्तर' हे नाव पडलं ते कायमचं. राजधानी नुकतीच नागपूरहून भोपाळला गेली होती, वऱ्हाड-नागपूर तिकडे मुंबईला जोडलं गेलं होतं, आणि आम्ही मराठी बोलणारे इकडेच राहिलो होतो. नव्या राज्यात कोणाच्या पोराला कुठल्या खात्यात नोकरी लागेल, याची चर्चा ओट्याओट्यावर चाले. माझ्यावर गाडी आली की सगळे हसत. मला राग येई, आणि तो लपवायची मला सवय नव्हती.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी जसोंडीला मामाकडे गेलो. मामाची केळी मोटेच्या पाण्यावर होती. विहिरीपासून खाली उतरणारी जी वाट, तिला धाव म्हणतात. बैल मोटेचा जाड दोर, म्हणजे नाडा, ओढत धावेच्या टोकाला पोचले की भरलेली मोट वर येऊन विहिरीकाठच्या हौदात, थारोळ्यात, रिकामी होते, मग बैल मागे मागे सरकत विहिरीपाशी येतात. दिवसभर हेच. मामाने पोळ्यानंतर देडतलाईच्या बाजारातून एक तांबडा बैल आणला होता. अंगाने दांडगा, शिंगं देखणी, पण अर्ध्या धावेवर तो उभा राही तो राहीच. जोडीचा जुना पांढरा बैल बिचारा एकटा ओढून पाही, मोट विहिरीत मध्येच लटके, आणि केळीचे वाफे कोरडे राहत.

मामाने ठरवून टाकलं होतं. येत्या बाजाराला तांबड्या परत जाणार. मोटेवर अडणारा बैल शेतकरी घेत नाही. घेणारा एकच, खाटीक. हे ऐकल्यापासून मामीने मामाशी बोलणं टाकलं होतं. तिचा त्या बैलावर फार जीव होता.

"मला बघू तरी दे," मी मामाला म्हटलं.

"पाह्य ना. कॉलेजाची फीस भरली आहे त् पाह्यनं भागच आहे," मामा म्हणाला.

मी दिवसभर विहिरीवर बसलो. बैल दमून थांबत नव्हता, पाय दुखून थांबत नव्हता, खुरांत काही नव्हतं. थांबायची जागा मात्र ठरलेली. मी मामाला म्हटलं, "हा जिथून आला तिथली विहीर उथळ असणार. तिथे एवढ्याच धावेत मोट वर येत असेल. त्याच्या हिशेबाने त्याचं काम झालेलं असतं."

"मंग आता याच्यासाठी विहीर बुजवू का?"

मामाचं म्हणणं बरोबर होतं. एवढंच कारण असतं तर बैल इतक्या दिवसांत नवी धाव शिकला असता. दुसरं कारण मला दिसलं होतं, पण ते मामाला सांगून उपयोग नव्हता. बैल थांबला की मामा आसूड ओढी. आसूड वाजला की मामी गूळ लावलेली भाकरी पदराखाली घेऊन धावत येई, त्याच्या पाठीवरून हात फिरवी, "चाल रे राजा" म्हणत घास भरवी. मग राजा चाले. दोघांनाही वाटे, घासामुळे चालतो. तो घासासाठी थांबत होता. एका फटक्यात गूळ मिळत असेल तर सौदा वाईट नव्हता.

संध्याकाळी चुलीपाशी बसून मामीला हे सांगितलं. तव्यावरची भाकरी करपली तरी तिने ती उलटली नाही.

"म्हंजे इतके दिवस त्याले मार माझ्यामुळे पडला?"

मी गडबडून म्हटलं, "तसं नाही मामी." पण तसंच होतं.

दुसऱ्या दिवसापासून नवा कायदा. आसूड घरात. घास धावेच्या टोकाला, तिथे पोचला तरच. बाजारापर्यंत मामाने हे कबूल केलं, तेही बहिणीच्या पोराचं मन मोडू नये म्हणून. मामी टोकाला उभी राही. बैल अर्ध्यावर थांबे, तिच्याकडे बघून हंबरे आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येई. मामा नाड्यावर बसून विडी ओढी. मग तो बैलाला जोर करायला लावी, बैल पुन्हा थांबे, पुन्हा तेच. मी रोज सकाळी मोठ्या विश्वासाने उठे आणि रोज दुपारी घाबरे. बैल खाटकाकडे गेला तर मामीला तोंड कसं दाखवायचं, हेच डोक्यात.

बाजाराच्या दिवशी मामाने बैलाला बांधून न्यायचा दोर खांद्यावर टाकला आणि म्हणाला, "एक डाव अजून."

बैल निघाले. अर्ध्यावर तांबड्या थांबला. मामीने पाऊल पुढे टाकलं.

"मामी, नको!"

ती थांबली. हातातली भाकरी तिने इतकी दाबली की तिचा चुरा झाला. तांबड्याने मान हलवली, तो फुरफुरला, आणि मग खांदा देऊन चालू लागला. थेट तिच्यापर्यंत. मागे थारोळ्यात धो धो पाणी पडलं. मामाने बैल मागे घेतले, पुन्हा सोडले. या खेपेला तो नुसता जरा रेंगाळला. मामाने खांद्यावरचा दोर खाली टाकला.

"राहू दे. आज बाजार नही."

मला नाचावंसं वाटत होतं. गल्लीतल्या एकेकाला तिथे आणून उभं करावं असंही वाटत होतं.

दुपारी बैल सुटले. मामी सावलीत तांबड्याच्या मानेवर हात ठेवून उभी होती. मी म्हटलं, "बघ, आता मार नाही, बाजार नाही. घास आहेच."

"हौ," ती म्हणाली. "पन पह्यले माझा घास त्याले तसाच भेटे. आता काम केलं म्हनून भेटते. माया कोनती अन् मजुरी कोनती, त्याले कसं कळंल?"

जनावराला असा फरक कळत नाही, असं आम्हाला शिकवलं होतं. मी तिला तेच सांगितलं.

"मले त् कळते ना," मामी म्हणाली.