चौकटीवरचा खडू

चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझे तळहात ओले होतात. वर्गात हजेरी देतानाही आवाज इतका बारीक निघतो की सरांना माझं नाव दोनदा घ्यावं लागतं. म्हणून कॉलेजच्या सेवा योजनेच्या सरांनी होळीच्या कामाला मला गटप्रमुख केलं, तेव्हा त्यांची काहीतरी गफलत झाली असं मला वाटलं. तसं मी त्यांना म्हणालेही. सर म्हणाले, गटातल्या निम्म्या मुलांनी शेणी हातात धरलेली नाही, तू रोज बघतेस. बोलायचं काय, ते येईल हळूहळू.

आमच्या घरात बारावीच्या पुढं गेलेली मी पहिली. बिद्रीच्या बाजूला आमचं गाव. वडील साखर कारखान्यावर हंगामी कामाला, घरी दोन म्हशी, आणि त्यांच्या शेणाच्या गोवऱ्या आई परड्यात थापते. आमच्याकडं त्यांना शेणीच म्हणतात. गटप्रमुख झाल्याचं सांगितलं तर वडील जेवता जेवता म्हणाले, "आली बघा पुढारीण. आता गाडीला झेंडा लावायचा का?" आई हसली नाही. भांडी घासताना तिनं मला हळूच विचारलं, "स्मशानाचं काम हाय व्हय? पोरीबाळींनी कशाला ते?"

काम तसं सरळ होतं. कोल्हापुरात सरण शेणींवर रचतात. होळीत ढिगानं शेणी जळतात, त्यातल्या थोड्या स्मशानभूमीला द्याव्यात असं दरवर्षी लोकांना सांगितलं जातं, आणि लोक देतातही. आमच्या वाट्याला जुन्या पेठेतली एक गल्ली आली होती. तिथं अजून म्हशींचे गोठे आहेत, भिंतींच्या कडेनं वाळलेल्या शेणी रचलेल्या असतात. काही घरांनी सांगितलं, आमच्या तालमीच्या होळीला ठेवल्यात. काहींनी सांगितलं, स्मशानाला न्या. शेणी गोळा करायला टेम्पो फिरवायच्या दिवशी घोटाळा नको म्हणून दारावर खडूनं खूण करायचं ठरलं. गावात सर्वेक्षणाला येणारी माणसं करतात तशी. ही कल्पना कुणी काढली ते नंतर कुणालाच नीट सांगता येईना. पण हो मी म्हटलं होतं, कारण विचारलं मलाच होतं.

खडू माझ्या वर्गातल्या एका मुलाकडं दिला. तो जोतिबाच्या डोंगराखालच्या एका वाडीतला, त्याच्याही घरात कॉलेज बघितलेलं कुणी नाही. अक्षर मात्र छापल्यासारखं. ज्या घराच्या शेणी जिकडं जायच्या तिकडचं नाव तो चौकटीवर लिहीत गेला. होळी. होळी. स्मशान. होळी. स्मशान. आमच्यातल्या कुणालाही त्यात काही खटकलं नाही. आम्ही शेणींचा विचार करत होतो, दारांचा नाही.

गल्लीच्या शेवटच्या घराला कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं, ती दवाखान्यात गेल्यात, पण देतील की, दरसाल स्मशानाला देत्यात, लिवून ठेवा. त्या घराची चौकट गडद निळ्या तैलरंगाची होती. तिच्यावर, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला, त्यानं ठळक लिहिलं.

संध्याकाळी मी एसटीत होते तेव्हा फोन आला. पत्रकावर नंबर माझा छापला होता.

"कॉलेजच्या पोरी फिरत हुत्या, त्यातलीच काय तू?" एक बाई बोलत होती, आणि कुजबुजत बोलत होती. त्या गल्लीत सकाळपासून मी एकही माणूस हळू बोलताना ऐकला नव्हता. म्हणून असेल, त्या कुजबुजीनंच माझ्या अंगावर काटा आला. तिच्या नवऱ्याला त्यांनी दुपारी दवाखान्यातून घरी आणलं होतं. रिक्षातून उतरवून आत नेताना चौकटीवर ते दिसलं.

"ज्यानं लिवलंय, त्यानंच यायचं आन् पुसायचं," ती म्हणाली. "आमच्यातलं कुणी त्याला हात लावणार न्हाय."

फोन बंद झाल्यावरही मी तो कानाला धरून बसले होते आणि माझं गाव येऊन पुढं गेलं.

मी विज्ञान शाखेला आहे. खडू म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. पण आजारी माणसाच्या घरून निघताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं, हे मी त्याआधीपासून शिकलेय. तो माणूस गेला तर? डोळे मिटले की मला ती निळी चौकट दिसायची. तो गेला तर त्या बाईच्या मनात जन्मभर एकच गोष्ट राहील, की कॉलेजची पोरं आली आणि दारावर लिहून गेली. आणि मला भीती होती की मग माझ्याही मनात तेच राहील.

सरांना फोन केला. ते म्हणाले, तू एकटी जाऊ नकोस, जुन्या पेठेतली माणसं आहेत, उगाच हातघाईवर यायचं. होळी होऊ दे, मी तालमीतल्या जाणत्या माणसांशी बोलतो. बोलणं शहाणपणाचं होतं, आणि मला सुटल्यासारखंही झालं. पण तोवर ते तसंच दारावर राहणार होतं. औषध आणायला जाताना ती बाई त्याच्या शेजारून जाणार, येताना त्याच्या शेजारून येणार. ज्यानं लिहिलं त्या मुलाचा फोन लागत नव्हता. बऱ्याच वेळानं त्याचाच आला. गल्लीतल्या कुणीतरी त्यालाही गाठलं होतं. "मी न्हाई येणार," तो म्हणाला. "माझी आई म्हणतीया, तसल्या दारात परत जाऊ नगंस." मी त्याला रागावू शकले नाही. माझ्या आईला मी काही सांगितलंच नव्हतं.

सकाळच्या पहिल्या एसटीनं मी निघाले. कारखान्याला जाणाऱ्या बैलगाड्यांच्या मागं गाडी रेंगाळत होती आणि ती अशीच रेंगाळावी असं मला वाटत होतं. गल्लीच्या तोंडाशी धारा काढायची गडबड चालली होती. एकानं मला ओळखलं. "आल्या बघा स्मशानवाल्या," तो दबक्या आवाजात म्हणाला. बाकीचे हसले नाहीत, ते वाईट वाटलं. हसले असते तर बरं झालं असतं.

त्या घराचं दार अर्धं उघडं होतं. बाई बाहेर आली आणि तिनं आधी दार मागं ओढून घेतलं. माझ्या आईच्याच वयाची. डोळे जागरणानं सुजलेले.

"तू लिवलंस?"

येताना सगळ्या रस्त्यात मी ठरवलं होतं, हो म्हणायचं, पुसायचं आणि निघायचं. मी हो म्हटलं. ओढणीचं टोक बाटलीतल्या पाण्यानं ओलं केलं आणि घासलं. अक्षरं गेली. मला वाटलं, झालं. मग लाकूड वाळायला लागलं, तसा निळ्यावर पांढरा धूर धरावा तसा 'स' वर आला, मग बाकीचं. ओलं असताना खडू दिसत नाही, वाळला की दिसतो, एवढंच ते. वर्गातला फळा आम्ही ओल्या फडक्यानं पुसतो तेव्हा असंच होतं. पण पुन्हा घासायला माझा हात पुढं होईना.

बाई तोंडाला पदर लावून बघत होती. "तू न्हाईस लिवलेलं," ती म्हणाली. अजूनही कुजबुजतच. "खोटं कशापायी बोलतीस? माझ्या दारात ह्या येळंला खोटं बोलू नगंस."

तिनं आरडाओरडा केला असता तर मी पळाले असते. मी म्हटलं, "लिहायचं आम्ही मिळून ठरवलं. हो मी म्हटलं. त्याला घेऊन येते." हे मी इतक्या स्पष्ट आवाजात म्हटलं, की तिनं घाईनं ओठांवर बोट ठेवलं आणि आतल्या बाजूला मान केली. तेव्हा मला कळलं. तिच्या नवऱ्याला ठाऊक नव्हतं. ते दिसताच, आत नेताना तिनं त्याच्या तोंडावर शाल ओढली होती. काल दुपारपासून ती आख्ख्या गल्लीला हळू बोलायला लावत होती.

मुलगा त्याच्या हॉस्टेलच्या पायरीवर बसला होता. रात्रभर झोपला नव्हता. मी त्याला नेतृत्वाबद्दल काही सांगितलं नाही, मला ते येतही नाही. म्हटलं, मला एकटीला पुसता येईना. तू पूस, मी तुझ्या शेजारी उभी राहते, काय बोलायचं ते मी बोलते. तो म्हणाला, "आणि त्यांना काय झालं तर?" मी म्हटलं, मलाही तीच भीती आहे. मग तो उठला. मी धीर दिला असता तर तो उठला असता असं वाटत नाही.

गल्लीतून चालताना त्यानं माझ्या ओढणीचं टोक धरलं होतं, लहान मूल धरतं तसं. बाईनं त्याच्याकडं पाहिलं. उंच, हडकुळा, ओढणीचं टोक अजून हातात. तिनं चौकटीकडं बोट केलं. त्यानं पुसलं. आम्ही तिघंही चौकटीकडं बघत उभं राहिलो. वाळल्यावर फिकट, पण पुन्हा आलंच. मुलाच्या तोंडून बारीक आवाज निघाला. बाई आत गेली, गोडं तेल आणि चिंधी घेऊन आली आणि ती त्याच्या हातात दिली, स्वतः चौकटीला शिवली नाही. तेलानं मात्र गेलं. लाकडाचा तेवढा भाग बाकीच्यापेक्षा गडद झाला, पण अक्षर राहिलं नाही.

तेवढ्यात आतून खोकल्यासारखा आवाज आला. "कोण हाय गं?"

"पावणं हायत," ती म्हणाली.

"मग दारात का उभं केलंयस? आत बोलीव की."

तिनं आमच्याकडं असं पाहिलं, की मला पाय मागं घ्यावासा वाटला. पण निघून गेलो असतो तर त्याला शंका आली असती. आम्ही आत गेलो. तो कॉटवर उशांना टेकून होता, हातापायांच्या काड्या आणि डोळे मात्र टक्क उघडे. कुठलं गाव, म्हशी किती, मुऱ्हा की पंढरपुरी, असं त्यानं विचारलं. म्हशींबद्दल मला बोलता येतं. मी बोलत राहिले, एवढी सलग मी कुठंच बोलले नव्हते, कारण थांबले तर पुढचा प्रश्न येणार होता. तो आलाच. "कशापायी आलतासा?"

बाईचा हात कपबशीवरच थांबला. मी म्हटलं, "होळीला शेणी मागायला."

"दे की गं," तो तिला म्हणाला. "चांगल्या वाळलेल्या दे. पोरास्नी ओल्या गळ्यात घालू नगंस."

ती आम्हाला परड्यात घेऊन गेली. शेणी काढून माझ्या हातांवर ठेवताना तिचे डोळे वाहत होते. "ह्या होळीतच टाक," ती म्हणाली. "तिकडं न्यायच्या न्हाईत. शपथ घे." मी घेतली. होळीच्या दिवशी त्या मी आणि त्या मुलानं तालमीपुढच्या होळीत आमच्या हातांनी टाकल्या. बाकीच्या घरांच्या खुणा आम्ही आधीच पुसल्या होत्या, तेल घेऊन, प्रत्येक दारात मी विचारून. टेम्पोबरोबर फिरताना कुठल्या घरच्या शेणी कुठं जायच्या ते पुन्हा पहिल्यापासून विचारावं लागलं. वेळ लागला, बोलणी खाल्ली.

त्यानंतर रोज मी फोनकडं भीत भीत बघायचे. परीक्षा जवळ आली होती आणि पानं उलटत होती, पण वाचलेलं राहत नव्हतं. एका दुपारी तो नंबर आला. पहिल्यांदा मी वाजू दिला. दुसऱ्यांदा उचलला.

"गेलं ते, पहाटं," ती म्हणाली. या वेळी ती कुजबुजत नव्हती.

ती आता चौकटीवरच्या लिहिण्याचं नाव घेईल, याची मी वाट बघत राहिले.

"आईक पोरी. डाक्टरनं मला आदल्या दिशीच सांगितलं हुतं, घरी न्या म्हणून. तुमी लिवायच्या आदी. मी कुणाला बोलले नव्हते. तू मनात धरून बसली असशील, म्हणून फोन केला."

मी रडायला लागले. तिचं माणूस गेलं होतं आणि रडत मी होते. तिनं मला रडू दिलं. मग मी विचारलं, मी येऊ का. हे विचारतानाही तळहात ओले झाले होते.

"ये," ती म्हणाली. "त्या पोरालाबी आण. लई भ्यालाय तो."

मी त्याला फोन लावला. त्यानं काय झालं ते विचारलं नाही. कुठं भेटायचं, एवढंच विचारलं.