नव्या डिस्कवर रुसलेला कॉम्प्युटर

आमच्या विम्याच्या ऑफिसात तिला सगळे तक्रारताई म्हणतात. अगदी तोंडावर. पंखा लावला की तिला थंडी वाजते, बंद केला की जीव घुसमटतो. लग्न केलं नाही, कारण "एक धड नव्हता गं!" अपघातात सापडलेल्या गाड्यांचे फोटो तपासणं हे तिचं काम, आणि जुना पोचा नवा म्हणून तिच्यापुढे खपवायची कुणाची बिशाद नाही.

तिच्या तक्रारींना एकच माणूस कधी कंटाळला नाही. आमचा कॉम्प्युटरवाला. विधुर, अबोल, सदा काहीतरी उघडून बसलेला, म्हणून त्याचं नाव खटपट्या.

आमच्या टेबलांवर कॉम्प्युटरचे नुसते पडदे. खरे कॉम्प्युटर सगळे खालच्या खोलीतल्या एका मोठ्या मशीनच्या पोटात, एका स्वयंपाकघरात नांदणाऱ्या जावांसारखे. सकाळी सगळ्यांनी एकदम चालू केले की त्यातल्या जुन्या डिस्क धापा टाकायच्या. ताईचं हमखास अडकायचं. मग खटपट्या स्टूल ओढून बसायचा, आणि पडदा उजळेपर्यंत दोघांच्या गप्पा रंगायच्या. तो येण्याआधी ताई हळूच केस सारखे करायची. मी शेजारच्याच टेबलावर, मला काय डोळे नाहीत?

शेवटी खटपट्यानंच साहेबांच्या मागे लागून नव्या वेगवान डिस्क बसवून घेतल्या. दुसऱ्या दिवशी खुर्ची ओढायच्या आत सगळ्यांचे पडदे हजर! ऑफिसभर आनंदीआनंद, आणि ताईचं तोंड एवढंसं. तिनं मुद्दाम गाड्यांचे सगळे फोटो एकदम उघडले. तेही फटाफट उघडले. बाई अगदी रडकुंडीला आली.

त्यानंतर मात्र तिचा एकटीचा पडदा रोज गोठायला लागला. खटपट्या येऊन बसला की चालू, उठून गेला की पुन्हा ठप्प. एकदा माझं पेन खाली पडलं, म्हणून वाकले, तर काय! ताईच्या पायाचा अंगठा वायरवर. खालच्या मशीनमधलं सगळं त्या वायरीतून वर येतं. ती ढिली केली की डिस्क कितीही पळो, काय उपयोग? मी तिला चिमटा काढला.

"गप्प बस," ती म्हणाली.

ती गप्प, मी गप्प, पण साहेब कुठले गप्प बसायला!

"एवढा खर्च करून ताईंचं रडगाणं तेच!" ते सगळ्यांसमोर खटपट्यावर कडाडले. "सल्ला तुमचाच होता ना? उद्या माझ्यासमोर हे चालवून दाखवा. नाही चाललं तर लांबच्या शाखेत जायची तयारी ठेवा."

खटपट्या मान खाली घालून उभा. ताईचा चेहरा पांढराफटक पडला. बरी खोड मोडली, असं मला वाटलं, आणि लगेच तिची दयाही आली.

दुसऱ्या दिवशी साहेब टेबलाशी येऊन उभे राहिले. ताईनं एकदा माझ्याकडे बघितलं, चपला काढल्या आणि दोन्ही पाय वर घेऊन खुर्चीवर चक्क मांडी ठोकली. पडदा झटक्यात उजळला.

"आज कसं काय चाललं?" साहेबांनी विचारलं.

"डिस्क चांगल्याच आहेत, साहेब. वायर मीच पायानं ढिली करायचे." तिचे कान लाल झाले होते. "हे यावेत म्हणून."

खटपट्यानं खिशातून एक नवीकोरी वायर काढून टेबलावर ठेवली.

"जुन्या वायरची क्लिप तुटलीय. मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. तेव्हापासून ही खिशात घेऊन फिरतोय."

"अहो, मग बदलली का नाही?" साहेब ओरडले.

"बदलली असती तर मी इथे यायचो कशाला, साहेब?"

मला तर टाळ्याच वाजवाव्याशा वाटल्या. ताई त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिनं पाय खाली सोडले.

"माहीत होतं तर आधी बोलायचं नाही का?" ती म्हणाली. "अंगठ्याला केवढा घट्टा पडलाय माझ्या!"